भोक न पाडता बसवलेला पत्रा

(दृश्य: मे महिन्यातली सकाळ. नारळी-पोफळींच्या मधून दिसणारं कौलारू घर. अर्धं छप्पर उघडं, वासे मोकळे.)

कोकणात कौलं उतरवायचं कारण कुणी विचारत नाही. वानरांचा कळप आढ्यावरून गेला की पाच-पंचवीस कौलं फुटतात, आणि मिरगाआधी छप्पर शाकारायला माणूस मिळत नाही. मग पत्रा येतो. तो बहुतेक ठिकाणी जे-हुकाने किंवा रबरी वायसर लावलेल्या स्क्रूने वरून ठोकलेला असतो. पत्रा उन्हाने लांबतो, रात्री आखडतो. स्क्रू मात्र जागचा हलत नाही, म्हणून भोक लांबट होत जातं. वायसर तडकतो. गळती तिथूनच.

या घरावर चढतोय तो पत्रा वेगळ्या जातीचा आहे. स्टँडिंग सीम, म्हणजे उभी शिवण. आढ्यापासून पागोळीपर्यंत एकेक अखंड पट्टा, दोन्ही कडा उभ्या वळवलेल्या. एक कड लहान, एक मोठी. नव्या पट्ट्याची मोठी कड आधीच्या पट्ट्याच्या लहान कडेवर बसते आणि दोन्ही मिळून दोनदा दुमडल्या जातात. शिवणीच्या पोटात लपलेली क्लिप खालच्या प्लायवूडला स्क्रूने धरलेली असते. पाणी वाहतं त्या सपाट भागात एकही भोक नाही.

यात एकच अडचण. छप्पर धरून ठेवणारं सगळं काही शेवटी झाकलं जातं. चुकलं असेल ते नंतर दिसत नाही, म्हणून झाकण्याआधी बघायचं.

(दृश्य: भिंतीच्या माथ्यावरचा काँक्रीटचा पट्टा, त्यातून वर आलेले बोल्ट.)

सुरुवात छपरावर नाही, चिऱ्याच्या भिंतीवर. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला साधारण ४० किलो भरतं. ०.९ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा भरतो अडीच किलोसुद्धा नाही. खालचं प्लायवूड धरलं तरी पंधराच्या आसपास. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा ताशी १२० किलोमीटरपर्यंतचे झोत होते. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात आहे: वेग मीटर-सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं. १२० किलोमीटरचा झोत म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६८ किलो. वळचण, आढं आणि कोपरे इथे पत्रा वर उचलणारी ओढ याहून बरीच जास्त. कौलारू छप्पर निदान आपल्या वजनाने थोडं बसून राहतं. पत्र्याला ती सोय नाही. म्हणून भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीट पट्टा, त्यात १२ मिमीचे बोल्ट, आणि त्यांना सांगाडा जखडलेला. ही साखळी कुठे तुटली, तर पत्रा शाबूत राहतो आणि सांगाड्यासकट शेजारच्या वाडीत जातो.

सांगाड्यावर १८ मिमीचं पाण्यात टिकणारं प्लायवूड. दोन फळ्यांत ३ मिमी फट ठेवायची, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत फळी फुगते आणि फट नसली तर सांधा उचलला जातो. तो उंचवटा पत्र्यावर उमटतो. नव्या छपरावर दुपारच्या तिरप्या उन्हात लाटा दिसतात, त्यात दोष बहुधा पत्र्याचा नसतो, खालच्या फळीचा असतो. फळीवर चिकटणारी डांबरी झिल्ली, पागोळीकडून आढ्याकडे, आडव्या सांध्याला १०० मिमी आणि उभ्याला १५० मिमी एकावर एक चढवून.

आता हिशोब. या घराला दोन पाखी. प्रत्येकाची लांबी १२ मीटर, आढ्यापासून पागोळीपर्यंत उतार ६ मीटर. क्षेत्र १४४ चौरस मीटर. पत्र्याची गुंडाळी ५०० मिमी रुंद आहे, पण उभ्या कडांमध्ये ७० मिमी जातात आणि पट्टा झाकतो ४३०. म्हणजे एका पाख्याला २८ पट्टे, दोन्हींना ५६. वर-खाली वळवायला जास्तीचं धरून प्रत्येकी ६.१ मीटर. एकूण पत्रा लागतो सुमारे १७१ चौरस मीटर. छपराच्या मापावर पत्रा मागवणारे इथे फसतात, आणि ऐन मे महिन्यात उरलेल्या नऊ पट्ट्यांसाठी काम थांबतं.

(दृश्य: दोन माणसं पाखाडीवरून एक लांब पट्टा नेताना. पट्टा कडेवर उभा धरलेला.)

पट्टा नेहमी असा कडेवर उभा न्यायचा. आडवा धरला की मधोमध मुरडतो, आणि ती मुरड पुन्हा निघत नाही. पट्ट्यांची थप्पी उघड्यावर ठेवायची नाही. दवाचं पाणी दोन पत्र्यांमध्ये अडकलं की डाग पडतात.

धातू कोणता, हे भरतीच्या रेषेपासून घर किती दूर आहे त्यावर. लाटांचे तुषार पोचतात तिथे अॅल्युमिनियमच. डोंगराच्या बाजूच्या गावांत गॅल्व्हल्यूमचा पोलादी पत्रा चालतो. त्यावरचा थर ५५ टक्के अॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन. मागवताना दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम थर मागायचा. हमीपत्र वाचायचं, तेही समुद्रापासूनच्या अंतराची अट शोधत.

इथे फॅब्रिकेटरच्या हातात पहिल्यांदा येतो तो ग्राइंडर. तो खालीच ठेवायचा. पोलादी पत्र्याची कड त्याच्या उष्णतेने जळते, उडालेले लोखंडाचे कण रंगात रुततात, आणि पहिल्या पावसानंतर सगळीकडे तांबूस ठिपके. कापायला कात्री किंवा निब्लर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारं यंत्र. ओलं सिमेंटही पत्र्यावर सांडू द्यायचं नाही, ते अॅल्युमिनियम खातं. एसीच्या तांब्याच्या नळीचं पाणी छपरावर सोडणं त्याहून वाईट.

पहिला पट्टा सगळ्या छपराचं नशीब ठरवतो. पागोळीशी काटकोन ३-४-५ ने (बाजू ३ आणि ४, तर कर्ण ५) तपासायचा, कारण पट्ट्यामागे एक मिमी चूक २८ पट्ट्यांत जवळजवळ तीन सेंटिमीटर होते. दर पाच पट्ट्यांना २१५० मिमीवर दोरीची खूण. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून पश्चिमेकडच्या पाख्यावर उत्तरेच्या टोकापासून सुरुवात, म्हणजे शिवणीचं तोंड वाऱ्याकडे येत नाही.

(दृश्य: क्लिप अगदी जवळून. वरचा पातळ भाग पुढे-मागे सरकताना.)

क्लिपा दोन प्रकारच्या, घट्ट आणि सरकत्या. सहा मीटरचा अॅल्युमिनियमचा पट्टा ४५ अंशांच्या फरकात साडेसहा मिमी लांबतो, पोलाद त्याच्या निम्मं. म्हणून आढ्याजवळच्या एका मीटरमध्ये घट्ट क्लिपा, बाकी सगळ्या सरकत्या, आणि लांबायची मोकळीक पागोळीकडे. सरकती क्लिप मधोमध ठेवून स्क्रू मारायचा. एका टोकाला ढकललेली असली तर ती घट्टच क्लिप झाली. मधल्या भागात अंतर ३०० मिमी, पागोळीच्या आणि आढ्याच्या शेवटच्या मीटरमध्ये २००, दोन्ही टोकांच्या शिवणींना वरपासून खालपर्यंत २००. या घराला क्लिपा लागतात सुमारे १४००, प्रत्येकीला दोन याप्रमाणे २८०० स्क्रू, स्टेनलेस स्टीलचे, चपट्या डोक्याचे. डोकं वर राहिलं तर पत्रा रोज त्यावर घासतो. चौदाशेपैकी किती बसल्या हे पुढचा पट्टा चढण्याआधी मोजलं, तरच कळतं.

पागोळीला एक मिमीची जाड पट्टी आधी दर १५० मिमीवर स्क्रूने बसते. पट्ट्याचं खालचं टोक २५ मिमी मागे वळवून तिच्यात अडकवायचं, पण आत १० मिमी जागा सोडून. घाईत हे टोक दाबून चपटं केलं जातं, आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात पट्टा मध्येच फुगतो. वरच्या टोकाला, आढ्याच्या टोपीखाली, पत्र्याचा सपाट भाग ३० मिमी वर वळवायचा. वाऱ्याने उलट चढणारं पाणी तिथे अडतं. यालाच बहुतेक वेळा फाटा दिला जातो, कारण टोपी बसली की वळवलंय की नाही हे देवालाही दिसत नाही.

शिवण मशीनने दुमडतात. पहिला हातभर भाग हाताच्या चिमट्याने, मग मशीन आढ्यापर्यंत, एकदा ९० अंशांत, दुसऱ्यांदा पूर्ण. दिवसात जेवढे पट्टे चढले तेवढ्या शिवणी त्याच संध्याकाळी बंद. उघडी शिवण रात्रीच्या वाऱ्यावर सोडायची नाही.

पाइप वर काढायचा तर शिवणीवर नाही, पट्ट्याच्या मधोमध, रबरी बुटासकट, म्हणजे पाइपाभोवती बसणाऱ्या रबरी कॉलरसकट. सोलरचे पॅनेल शिवणीला चिमटे लावून बसतात, त्यालाही भोक लागत नाही.

तासात १०० मिमी पाऊस पडला तर या घराच्या एका पाख्यावरून साडेसहा हजार लिटर पाणी उतरतं. त्यासाठी १५० मिमीची पन्हळ आणि ११० मिमीचे दोन उतरते पाइप.

(दृश्य: वळचणीची खालची बाजू. बोट फिरवल्यावर पांढरी पूड.)

हे मीठ. छपराचा वरचा भाग पाऊस धुतो. वळचणीच्या आतली बाजू, टोपीची खालची कड, पन्हळीमागची पट्टी इथे पाऊस पोचतच नाही. गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. दिवाळीनंतर, शिमग्याच्या सुमारास आणि मे महिन्यात एकदा, असं तीनदा गोड्या पाण्याची पाइप त्या जागांवर मारायची. घासणी नाही, अॅसिड नाही.

आणि पहिला जोराचा पाऊस आला की बॅटरी घेऊन माळ्यावर जायचं. प्लायवूडच्या पोटाला, आढ्याखाली आणि पाइपाभोवती, काळसर ओल दिसते का ते पाहायचं. दिसली, तर टोपी उघडायची.