रोमची वाटणी: इ. स. ३९५ साली नेमके काय वाटले गेले?

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळाविषयी आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात दोन सन पक्के बसलेले असतात. इ. स. ३९५ मध्ये साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि ४७६ मध्ये पश्चिमेचा भाग कोसळला. सन दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांच्यामुळे जे चित्र मनात उभे राहते ते फसवे आहे. ३९५ साली कारभार वाटला गेला, राज्य एकच राहिले. आणि पुढे दोन्ही भागांचे दैव वेगळे झाले ते या वाटणीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी उत्तर आफ्रिकेत जे घडले त्यामुळे, असे मला आज मांडायचे आहे.

वाटणीची सवय साम्राज्याला आधीपासूनच होती. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत रोमच्या गादीवर वीसहून अधिक सम्राट बसले आणि त्यांतले फारच थोडे नैसर्गिक मृत्यूने गेले. २६० मध्ये तर सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. ऱ्हाईन आणि युफ्रेटिस या दोन्ही नद्यांवर एकाच वेळी शत्रू उभा असताना एका माणसाने कुठे कुठे धावायचे, हा प्रश्न होता. आणि ज्या आघाडीवर सम्राट नसे तिथला विजयी सेनापती सैनिकांकडून स्वतःलाच सम्राट म्हणवून घेई. डायोक्लिशियनने यावर तोडगा काढला. २८६ मध्ये त्याने मॅक्सिमियनला बरोबरीचा सम्राट केले आणि २९३ मध्ये दोघांच्या हाताखाली एकेक कनिष्ठ सम्राट नेमला. ट्रिअर, मिलान, सिर्मियम, निकोमीडिया ही नवी दरबारी शहरे झाली, आणि खुद्द रोममध्ये चौघांपैकी कोणीच राहत नव्हता.

या चौघांचे शिल्प आज व्हेनिसला सेंट मार्कच्या चर्चच्या कोपऱ्यात बसवलेले आहे. जांभळट तांबड्या पॉर्फिरी दगडात कोरलेल्या चार आकृती दोन जोड्यांनी उभ्या आहेत; प्रत्येक जोडीत एकाने दुसऱ्याला मिठीत घेतले आहे आणि तरीही प्रत्येकाचा एक हात तलवारीच्या मुठीवर आहे. चेहरे असे कोरले आहेत की कोण डायोक्लिशियन आणि कोण मॅक्सिमियन हे सांगता येऊ नये. सत्ता एकच असून ती चार देहांत आहे, हे शिल्पकाराला दाखवायचे होते. क्रुसेडवीरांनी १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) लुटले तेव्हा हे शिल्प व्हेनिसला गेले. त्यातल्या एका सम्राटाचे तुटलेले पाऊल इस्तंबूलमध्ये उत्खननात मिळाले आणि ते तिथल्या संग्रहालयात आहे. मिठी काही टिकली नाही. ३०५ मध्ये डायोक्लिशियनने निवृत्ती घेतली आणि वारसांत यादवी माजली; ३२४ मध्ये कॉन्स्टंटाइन एकटा उरला आणि ३३० मध्ये बॉस्फोरसच्या काठी त्याने आपल्या नावाची राजधानी, कॉन्स्टँटिनोपल, थाटली. पुढे ३६४ मध्ये व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या भावांनी पुन्हा सेनापती, पलटणी आणि दरबारी वाटून घेतले.

त्यामुळे १७ जानेवारी ३९५ रोजी सम्राट थिओडोसियस मिलानला वारला आणि त्याचे मुलगे, सुमारे अठरा वर्षांचा आर्केडियस पूर्वेला, तर दहा वर्षांचा होनोरियस पश्चिमेला गादीवर राहिला, तेव्हा समकालीनांना त्यात काही अघटित वाटण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे १७३१ मध्ये शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यात वारणेचा तह झाला, त्यात कोणती नदी कोणाची हद्द हे कलमवार लिहिले गेले. ३९५ चा असा तहनामाच नाही. इलिरिकमचा (बाल्कनमधला) प्रदेश कोणाकडे यावरून पश्चिमेचा सरसेनापती स्टिलिको आणि पूर्वेचा दरबार यांच्यात पुढे वर्षानुवर्षे कुरबूर चालू राहिली, आणि ती चालू राहिली याचाच अर्थ रेषा पक्की नव्हती. कायदे दोन्ही सम्राटांच्या नावाने निघत. वर्षाला ज्यांचे नाव दिले जाई असे दोन कॉन्सल असत, त्यांतला एक साधारणपणे पूर्वेकडून आणि एक पश्चिमेकडून नेमला जाई.

एकीची ही भावना कागदावरच होती काय? मला तसे वाटत नाही. ४२९ मध्ये पूर्वेचा सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने कॉन्स्टंटाइनपासूनच्या सगळ्या सम्राटांचे कायदे एकत्र करण्याचे काम कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुरू केले. ४३७ मध्ये पश्चिमेचा तरुण सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन त्याच्या मुलीशी लग्न करायला तिथे गेला, आणि लग्नाबरोबरच या संहितेची प्रतही पश्चिमेकडे निघाली. ४३८ च्या अखेरीस ती रोमच्या सेनेटपुढे आली. त्या बैठकीचा इतिवृत्तान्त आजही उपलब्ध आहे, आणि तो वाचताना गंमत वाटते: सभासदांनी जयघोष केले आणि कारकुनाने प्रत्येक घोषणेपुढे ती किती वेळा दिली गेली याचा आकडा इमानेइतबारे टिपून ठेवला. सम्राटांच्या जयजयकाराइतकाच जोर या संहितेच्या प्रती करून त्या दप्तरात मोहोरबंद ठेवा या मागणीवर होता. राज्य एक आहे, कायदा एक आहे, फक्त प्रत नीट जपली पाहिजे, अशी ही माणसे.

पुढच्याच वर्षी, ४३९ च्या ऑक्टोबरमध्ये, राजा गायसेरिकच्या व्हँडल या जर्मन टोळीच्या लोकांनी उत्तर आफ्रिकेतले कार्थेज घेतले. ते दहा वर्षांपूर्वीच आफ्रिकेत उतरले होते, पण कार्थेजची गोष्ट वेगळी होती. तिथूनच रोम शहराला धान्य आणि तेल जाई. त्या भागातली तांबडी मृण्पात्रे भूमध्य समुद्राच्या सर्व काठांवर सापडतात, यावरून तिथल्या व्यापाराचा आवाका लक्षात येतो. करांच्या दृष्टीने तो पश्चिमेतला सर्वात भरघोस आणि तोवर सर्वात सुरक्षित प्रदेश होता. पाच-सहा वर्षांत पश्चिमेच्या सरकारला विक्रीवर चोविसाव्या हिश्शाचा नवा कर बसवावा लागला, आणि त्या काळच्या एका कायद्यात सम्राट स्वतःच कबूल करतो की जुन्या-नव्या सैनिकांना अन्नवस्त्र पुरवण्याइतकाही पैसा जमत नाही. पैसा नाही म्हणून सैन्य नाही, सैन्य नाही म्हणून गॉल (आजचा फ्रान्स) आणि स्पेन हातचे जाणार, आणि ते गेले की पैसा आणखी कमी. एकदा हे चक्र फिरू लागल्यावर सम्राट शूर की भेकड याला फारसा अर्थ उरला नाही.

पूर्वेचे धान्य इजिप्तमधून येई, आणि त्या समुद्रमार्गावर कोणी गायसेरिक नव्हता. हूणांचा राजा अटिला याला एका टप्प्यावर वर्षाला २,१०० पौंड सोने देऊनही कॉन्स्टँटिनोपल उभे राहिले. इतिहासकार प्रोकोपियस सांगतो त्याप्रमाणे सम्राट अनास्टेसियस ५१८ मध्ये वारला तेव्हा खजिन्यात ३ लाख २० हजार पौंड सोने शिल्लक होते. पूर्वेने पश्चिमेला वाऱ्यावर सोडले, हा आरोप पुष्कळदा होतो. तो अन्यायाचा आहे. पूर्वेकडून सैन्य वारंवार गेले. ४६८ मध्ये कार्थेज परत घेण्यासाठी प्रचंड आरमार निघाले, ते बॉन भूशिराजवळ व्हँडलांनी पेटती जहाजे सोडून जाळले आणि पूर्वेचा खजिना त्यात रिता झाला. त्यानंतर आठच वर्षांत इटलीतला सेनापती ओडोएसर याने पश्चिमेच्या कोवळ्या सम्राट रोम्युलसला गादीवरून उतरवले.

तेव्हाही कोणी साम्राज्य संपल्याची दवंडी पिटली नाही. सेनेटचे शिष्टमंडळ पूर्वेचा सम्राट झेनो याच्याकडे कॉन्स्टँटिनोपलला गेले आणि म्हणाले की दोन्ही भागांना आता एकच सम्राट पुरेसा आहे, ओडोएसरकडे इटलीचा कारभार द्यावा. झेनोचे उत्तर खोचक होते. पूर्वेने तुम्हाला दोन सम्राट दिले. अँथेमियसला तुम्ही ठार केलेत आणि नेपोसला हाकललेत. नेपोस अजून हयात आहे, त्याला परत घ्या. मात्र ओडोएसरला धाडलेल्या पत्रात त्याने पॅट्रिशियन हा मानाचा किताब वापरलाच.

पूर्वेवर धान्य पुरवणारा प्रांत गमावण्याचा तोच प्रसंग आला तो सातव्या शतकात. इराण्यांनी इजिप्त घेतले आणि ६१८ मध्ये राजधानीतले मोफत पावांचे वाटप बंद पडले. इजिप्त परत मिळाले, पण ६४२ पर्यंत ते अरबांकडे कायमचे गेले, सीरिया त्याआधीच गेला होता. पश्चिम ज्या फटक्याने कोसळली त्याच फटक्यातून पूर्व वाचली, पण आकसून आणि पालटून: लॅटिन दप्तरातून गेली आणि ग्रीक आली, शहरे लहान झाली. राज्य मात्र स्वतःला रोमनच म्हणत राहिले. ६६३ मध्ये कॉन्स्टन्स दुसरा रोमला आला. जवळजवळ दोनशे वर्षांत त्या शहरात पाऊल टाकणारा तो पहिला सम्राट. पोप व्हिटॅलियनने सामोरे जाऊन त्याचे स्वागत केले. बारा दिवसांच्या मुक्कामात या सम्राटाने शहरातले ब्राँझ उतरवून घेतले, तेव्हा चर्च झालेल्या पॅन्थिऑन या जुन्या मंदिराच्या छपराचे पत्रेसुद्धा काढले, आणि सगळा माल घेऊन तो दक्षिणेकडे सिसिलीला निघून गेला.