रद्द झालेला कायदा सातबाऱ्यावर कसा उरतो

(दृश्य: सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना)

नागरी जमीन कमाल धारणा कायदा, बोलीत यूएलसी. 1976 साली तो आला तेव्हा एका धारकाला मुंबईत 500 चौरस मीटर मोकळी जमीन ठेवता येई, पुण्यात 1000. त्यावरची जमीन ‘अतिरिक्त’. मोबदला या दोन्ही शहरांत चौरस मीटरला जास्तीत जास्त 10 रुपये, आणि एकूण 2 लाखांच्या वर नाही. एवढ्या भावात राजीखुशीने जमीन कोण देणार? कुणी कोर्टात गेले, कुणी कलम 20 खाली सूट मिळवली, म्हणजे काही अटींवर अतिरिक्त जमीन स्वतःकडे ठेवण्याची परवानगी.

केंद्राने 1999 मध्ये हा कायदा रद्द केला. पण मूळ कायदाच राज्यांच्या ठरावांवर उभा असल्याने महाराष्ट्रात त्यासाठी विधिमंडळाचा वेगळा ठराव लागला. तो 29 नोव्हेंबर 2007 ला झाला. नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीसाठी केंद्राने ही अटच घातली होती.

(दृश्य: पिवळा पडलेला ताबा पंचनामा)

वाद होतो तो ताब्यावरून. कलम 10(3) ची अधिसूचना राजपत्रात आली की मालकी शासनाची. मग 10(5) ची नोटीस: 30 दिवसांत ताबा द्या. नाही दिला, तर 10(6) खाली बळाने घ्यायचा. 29 नोव्हेंबर 2007 च्या आधी प्रत्यक्ष ताबा गेला असेल तर जमीन गेली. नसेल, तर ती मालकाला परत. मात्र मोबदला उचलला असल्यास आधी तो भरायचा. नुसत्या अधिसूचनेने प्रत्यक्ष ताबा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हरी राम प्रकरणात स्पष्ट केले.

म्हणून पंचनामा बारकाईने वाचावा. 10(5) ची नोटीस कुणावर बजावली, जमीन कसणाऱ्यावर की नुसत्या कागदावरच्या नावावर? 30 दिवस संपण्याआधीच ताबा दाखवला आहे का? पंचांच्या सह्या आहेत का? निकाल बहुधा इथेच फिरतो.

कलम 20 च्या सुटीचे मात्र तसे नाही. रद्द करणाऱ्या कायद्याने ती जिवंत ठेवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2014 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे सुटीच्या अटी आजही लागू. 2019 मध्ये शासनाने एकरकमी अधिमूल्य (प्रीमियम) भरून त्यातून सुटण्याची वाट दिली. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीने विकसकाशी करार करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातून कलम 20 च्या आदेशाची प्रत काढावी. फक्त सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर विसंबू नये. आदेशातल्या अटींची नोंद तिथे नसूही शकते.