आधी जागा, मग नाटक

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुम्ही मला नेपथ्यावर बोलायला बोलावलंय, तर सुरुवात माझ्याच एका फजितीनं करतो. पंचविशीतली गोष्ट. एका स्पर्धेसाठी ऐतिहासिक नाटक बसवलं होतं आणि मी बुरूज उभा केला होता. प्लायवूडचे फ्लॅट, म्हणजे खोट्या भिंतींचे पत्रे, त्यावर कापड, त्यावर डिंकात कालवलेला भुसा आणि करडा रंग. लांबून बघितलं तर दगडच. दुसऱ्या अंकात सरदार चिडून दरवाजा आपटून जातो. त्यानं आपटला. अख्खा बुरूज पुढे आला, मागे गेला, परत पुढे आला. विंगेतल्या पोरानं पळत जाऊन मागचा ब्रेस, म्हणजे टेकू, धरला म्हणून वाचलो. तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला, ‘हळू रे, गड पडंल!’ शोकांतिका होती ती, पण त्यानंतर प्रेक्षक शेवटपर्यंत मजेत होते.

तेव्हापासून मला न हलणाऱ्या भिंतीची ओढ आहे. आणि ती ओढ घेऊन गेलं की आपण नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींपाशी पोचतोच.

अल्काझी पुण्याचे. हे पुण्यातच पुन्हा सांगावं लागतं! १८ ऑक्टोबर १९२५ चा जन्म, इथलाच. वडील सौदी अरेबियातून आलेले व्यापारी, आई कुवेतची, घरात अरबी. शाळा कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट. पुढे मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेज, आणि तिथे सुलतान पदमसींच्या ‘थिएटर ग्रुप’ या नाट्यसंस्थेत प्रवेश. सुलतान म्हणजे बॉबी १९४६ मध्ये ऐन तारुण्यात गेले. त्यांची बहीण रोशन ही अल्काझींची बायको, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्या नाटकांचा कपडेपट रोशनबाईंच्याच हातचा. फाळणीनंतर घरातली माणसं पाकिस्तानात गेली, हे इथे राहिले. मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट. कवी निसीम इझिकेल यांचं १९४८ चं लंडनचं तिकीटसुद्धा अल्काझींनीच काढलं होतं.

ते चित्रकारही होते, हे इथे लक्षात ठेवा. १९५१ ला मुंबईला परतल्यावर त्यांनी नाटकं केलीच, पण आधुनिक चित्रकला म्हणजे काय हे लोकांना दाखवणारी प्रदर्शनंही मांडली. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या ‘थिएटर युनिट’ या नाट्यसंस्थेचा मुक्काम होता. त्याच वास्तूत गायतोंडे चित्रं काढत, रविशंकर सतार शिकवत आणि पुढे विजयाबाई मेहतांच्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या तालमीही तिथेच झाल्या. विजयाबाईंनी अल्काझींकडे धडे घेतलेले. आपण मराठी माणसं ‘रंगायन’चा इतिहास सांगताना हा धागा बऱ्याचदा हातातून सोडतो. का, ते माहीत नाही. कदाचित अल्काझी तेव्हा इंग्रजीत नाटकं करत म्हणून असेल.

आता मुद्द्यावर येतो. मुंबईत नाटकाला थिएटर मिळायची मारामार. ती आजही आहे, तारखांचं राजकारण तुम्हाला सांगायला नको. अल्काझींनी काय करावं? कंबाला हिलवर ते राहत त्या इमारतीच्या गच्चीवरच त्यांनी रंगमंच बांधला. नाव ‘मेघदूत’. वर आभाळ, समोर समुद्राचा वारा, आणि त्यात ग्रीक शोकांतिका. धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ सत्यदेव दुबेंनी पहिल्यांदा उभं केलं तेही याच गच्चीवर, १९६२ मध्ये. मूळ आकाशवाणीसाठी लिहिलेलं काव्यनाट्य. रंगमंचावर होणारच नाही असं म्हणत लोकांनी बाजूला ठेवलेलं. दुबेंनी ते केलं आणि अल्काझींच्या हवाली केलं.

त्याच वर्षी अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होऊन दिल्लीला गेले. विद्यालय तेव्हा कैलाश कॉलनीत घरवजा जागेत होतं. थिएटर नव्हतं. म्हणून त्यांनी मुलांना हाताशी धरून मागच्या अंगणात रंगमंच उभारला आणि तिथे मोहन राकेशांचं ‘आषाढ का एक दिन’ केलं. पुढे विद्यालय रवींद्र भवनात गेलं, तर तिथे झाडाखाली पुन्हा एक ‘मेघदूत’. मुलांनी दगड-माती वाहायची आणि मग त्याच मातीवर अभिनय करायचा. संडास कसा घासायचा हे ते स्वतः करून दाखवत, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी सांगतात. मला त्यात शिस्तीपेक्षा वेगळं काहीतरी दिसतं. जागा आपली आहे, हे अंगात भिनवायचा तो मार्ग असावा.

आणि मग १९६३, दिल्लीतला फिरोजशाह कोटला किल्ला. ‘अंधा युग’. महाभारत युद्धाचा अठरावा दिवस, सगळं संपलेलं, आणि समोर खरे पडके तट. नेहरूंनी तो प्रयोग पाहिला होता. आपल्याकडचा एखादा चिकित्सक लगेच विचारेल, कोटला तर चौदाव्या शतकातला, कौरव तिथे कुठून आले? बरोबर. आणि उलट बघा. १९७४ मध्ये दिल्लीतल्याच पुराना किल्ल्यात गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ केलं, तर तो किल्ला सोळाव्या शतकातला. तुघलक जाऊन दोनशे वर्षं झाल्यावर बांधलेला. तुघलक वंशातल्या फिरोजशाहाचा कोटला हाताशी असताना तिथे महाभारत, आणि जिथे पांडवांचं इंद्रप्रस्थ होतं असं लोक मानतात त्या पुराना किल्ल्यात तुघलक! इतिहासाच्या हिशेबानं दोन्ही चुकलंच. (पुराना किल्ल्यात त्यांनी ‘अंधा युग’ही केलं, तेवढा हिशेब जुळला.) आपण ऐतिहासिक नाटकात पगडीच्या पेचावरून दोन महिने भांडतो. अल्काझींना काळ जुळवायचाच नव्हता. त्यांना वजन हवं होतं.

वजन म्हणजे काय, ते जवळून सांगतो. आम्ही रंगमंचावर लेव्हल, म्हणजे उंच-सखल चौथरे, लावतो तेव्हा पायरी सहा-सात इंचांची ठेवतो. नटाला संवाद म्हणता म्हणता खाली न बघता उतरता आलं पाहिजे. मी पुराना किल्ल्यात गेलो तेव्हा तिथल्या दगडी पायऱ्या मुद्दाम चढलो-उतरलो. गुडघा चांगला वर घ्यावा लागतो, आणि उतरताना पाय टाकायच्या आधी क्षणभर थांबावं लागतं. आता डोळ्यांसमोर आणा: तुघलक झालेले मनोहर सिंग, अंगावर रोशनबाईंनी केलेला सुलतानाचा पोशाख, आणि असा जुना दगड पायाखाली. तो माणूस धावत येऊच शकत नाही. त्याची चाल दगडानं ठरवलेली. दिग्दर्शकानं ‘राजासारखा चाल’ असं सांगायची गरजच उरत नाही.

दुसरं, प्रवेश. आपल्या थिएटरात नट विंगेतून दोन पावलांत येतो. उघड्यावर तो लांबच्या कमानीत दिसायला लागतो आणि पुढे येईपर्यंत बराच वेळ जातो. तेवढा वेळ काय करायचं? लेखकानं तर वाक्य दिलेलं नाही. मग ती चालत येण्याची क्रियाच प्रसंग होते. तिसरं, आवाज. छत नाही, आवाज परत येत नाही, त्यामुळे पुटपुटण्याला जागाच नाही.

‘तुघलक’मध्ये सुलतान १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून आपल्या दौलताबादला हलवायचं ठरवतो. उत्तरार्ध दौलताबादेतच घडतो. रात्रीचा तट, एक म्हातारा आणि एक तरुण पहारेकरी गप्पा मारतायत, आणि झोप उडालेला सुलतान तिथे येतो. हा प्रवेश मी स्वतः एकदा फ्लॅट लावून केलाय. निळा प्रकाश, मागे काळा पडदा. बरा झाला होता. पण पुराना किल्ल्यात त्या दोन पहारेकऱ्यांच्या मागे मी लावला तसा पडदा नव्हता, खराखुरा काळोख होता.

म्हणून मी म्हणतो की दिग्दर्शक अल्काझी आणि नेपथ्यकार अल्काझी अशी दोन माणसं काढूच नका. जागा निवडली तिथेच त्यांचं अर्धं दिग्दर्शन झालेलं असायचं.

अर्थात, हे सगळं मला मान्य आहे असं नाही. किल्ला फार मोठा असला की नट खेळण्यातला होतो. वास्तूच एवढी बोलते की साधं घरगुती वाक्य तिथे ऐकूच येत नाही. शिवाय दौरा नाही. आमचा सेट टेम्पोत मावला पाहिजे, आज चिंचवड, उद्या नाशिक, दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात उतरून लागला पाहिजे. पुराना किल्ला टेम्पोत चढत नाही. अल्काझींचं नाटक बघायला लोकांना तिथे जावं लागे, आणि जे गेले नाहीत ते मुकले. पाश्चात्त्य वळणाचा माणूस, लोकनाट्याकडे कमी वळला, हाही आक्षेप घेतात. त्यात थोडं तथ्य आहे. पण त्यांच्याच कारकिर्दीत शांता गांधींनी विद्यालयात भवाई या गुजराती लोकनाट्यावर बेतलेलं ‘जस्मा ओडन’ केलं, हेही आक्षेपासोबत सांगितलं पाहिजे.

१९७७ मध्ये त्यांनी विद्यालय सोडलं. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, उत्तरा बावकर, आपले रोहिणी आणि जयदेव हट्टंगडी, कमलाकर सोनटक्के, ही सगळी त्या पंधरा वर्षांतली मुलं. मग बराच काळ नाटकापासून दूर. रोशनबाईंबरोबर दिल्लीत ‘आर्ट हेरिटेज’ ही गॅलरी काढली, जुने फोटो गोळा केले. नव्वदच्या दशकात विद्यालयाच्या रंगमंडळासाठी कार्नाडांचं ‘रक्तकल्याण’ केलं. २०१० मध्ये पद्मविभूषण. मुलगी अमाल दिग्दर्शक, जावई निसार नेपथ्यकार, म्हणजे घरात दोन्ही खाती अजून चालू.

४ ऑगस्ट २०२० ला ते दिल्लीत गेले. करोनामुळे देशभरातली थिएटरं तेव्हा कुलुपात होती. आमचे फ्लॅट गोदामात ओल धरत पडले होते. पुढच्या वर्षी काढले तर निम्म्यांची प्लाय सुटलेली.

बरं, आता दिवे घालवा, फोटो दाखवतो. मागच्यांना दिसतंय का? पहिल्यांदा नुसत्या भिंती बघा, माणसं नंतर शोधू.