स्वतःच सोडलेली सावली

श्रोतेहो, नमस्कार. आज मी तुमच्याशी एका कादंबरीबद्दल बोलणार आहे. अमेरिकी लेखिका अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. १९६८ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढे तिच्यातूनच अर्थसीची मालिका उभी राहिली. मालिकेतलं पहिलं पुस्तक हाती घेताना मला नेहमी धास्ती वाटते. निम्मं पुस्तक राजघराणी, वंशावळी, जुनी युद्धं यांच्या ओळखीपाळखीत जाणार, आणि गोष्ट ऐन रंगात आली की सांगणार, आता पुढच्या भागाची वाट बघा. इथं तसं होत नाही. पुस्तक आटोपशीर आहे आणि त्यातली गोष्ट त्यातच पुरी होते.

अर्थसी हे बेटांचं जग आहे. गोंट नावाच्या डोंगराळ बेटावर एक आईवेगळा मुलगा शेळ्या राखतो. त्याची मावशी गावची चेटकीण. तिच्या तोंडचे मंत्र ऐकून तो उचलतो, आणि त्याच्या अंगी केवढी शक्ती आहे ते तिच्या लक्षात येतं. पुढे गावावर हल्ला होतो तेव्हा हा पोरगा धुकं उभं करून अख्खं गाव शत्रूच्या नजरेआड करतो. तोच गेड.

मोठ्या जादूगारांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात. पण त्यांच्या दाढ्या पांढऱ्या होण्याआधी ते कसे होते, काय शिकले, कुठं चुकले? ले ग्विन यांना हा प्रश्न पडला आणि त्यातून गेड जन्मला. त्याचा पहिला गुरू ओगियन. गेडला वाटतं, आता आपल्याला मोठमोठे मंत्र मिळणार. ओगियन मात्र त्याला घेऊन नुसता चालत राहतो. वाटेत पाऊस येतो. तो थांबवणं ओगियनच्या हातात आहे, पण तो पावसाला पडू देतो आणि एका दाट झाडाखाली निजतो. गेड धुसफुसतो. वाचताना मीही त्याच्याच बाजूनं होते. एका ठिकाणचा पाऊस हटवला तर त्याचा परिणाम दुसऱ्या कुठल्या तरी बेटाला भोगावा लागतो, हे गेडला आणि आपल्याला पुढं रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत कळतं. या जगात प्रत्येक मंत्राची किंमत मोजावी लागते, आणि हा नियम लेखिका स्वतःच्या सोयीसाठी कुठंही मोडत नाहीत.

आता त्या रात्रीबद्दल. जॅस्पर नावाचा मोठा विद्यार्थी गेडला डिवचतो. त्याचं बोलणं वरवर सभ्य, पण जिव्हारी लागणारं. गेड ईर्ष्येला पेटतो आणि मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावून दाखवायची पैज घेतो. एल्फारन ही दंतकथांमधली राणी, तिला तो हाक मारतो. ती दिसते, क्षणभरच. मग अंधाराला जणू चीर पडते आणि तिच्यातून काळ्या सावलीसारखं काहीतरी बाहेर झेपावून गेडचा चेहरा फाडतं. ती चीर बुजवण्यात शाळेचे वृद्ध महागुरू आपली सगळी शक्ती खर्चून बसतात आणि मरण पावतात. गेड वाचतो, पण व्रण कायमचे राहतात. सावली मोकळी सुटते आणि त्याच्या मागे लागते.

कादंबरीतलं खरं संकट हेच. कुठला दुष्ट सम्राट नाही, सैन्य नाही. एका हुशार मुलानं गर्वापायी जगात सोडलेली एक गोष्ट, आणि तिचं नावसुद्धा त्याला ठाऊक नाही. अर्थसीत हे फार भयंकर आहे, कारण तिथं प्रत्येक वस्तूला, प्रत्येक जिवाला एक खरं नाव असतं आणि ते कळलं तरच त्याच्यावर सत्ता चालते. माणसं आपलं खरं नाव अगदी जिवलगालाच सांगतात. या नियमामुळं मैत्रीला केवढं वजन येतं! शाळा सुटताना वेच हा मित्र आपलं खरं नाव गेडला देऊन टाकतो. मला तो प्रसंग एखाद्या लढाईपेक्षा मोठा वाटतो.

मला सर्वांत आवडलेलं प्रकरण ड्रॅगनचं आहे. गेड एका लहानशा बेटसमूहावर जादूगार म्हणून राहतो. लोकांना जवळच्या ड्रॅगनची भीती आहे. इकडं सावलीनं गेडला पुन्हा गाठलंय, त्याला तिथून निघायचंय, पण लोकांना वाऱ्यावर सोडवत नाही. म्हणून तो एकटा ड्रॅगनसमोर जातो. त्याचं नाव गेडनं जुन्या कथांवरून अचूक ताडलेलं असतं, त्यामुळं ड्रॅगनला ऐकावंच लागतं. तेव्हा तो म्हातारा, धूर्त प्राणी सौदा मांडतो: सावलीचं नाव मी तुला सांगतो. म्हणजे गेडची सुटका! गेड ते नाकारतो आणि बेटांकडं कधीही न फिरकण्याची शपथ ड्रॅगनकडून घेतो. गर्विष्ठ पोराचा माणूस इथं होतो, आणि लेखिका त्याबद्दल कौतुकाचा एक शब्दही वाया घालवत नाहीत.

एक गोष्ट मला खटकते, तीही सांगते. रोकच्या शाळेत मुलींना जागा नाही, आणि गोंटवर बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट असल्याच्या म्हणीच आहेत. मावशीची विद्या तर हलकीच ठरवली आहे. ले ग्विन यांनाही हे पुढं टोचलं असावं. दुसऱ्या भागाची नायिका एक मुलगी आहे, आणि १९९० मध्ये आलेल्या चौथ्या भागात, 'तेहानू'त, त्यांनी हा सगळा प्रश्न पुन्हा उघडला.

वर्णाच्या बाबतीत मात्र त्या पहिल्यापासून ठाम होत्या. गेड तांबूस-तपकिरी, वेच काळा, आणि गोरे ते हल्लेखोर. तरी कित्येक मुखपृष्ठांवर गेड गोराच रंगवला गेला. ले ग्विन यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती.

शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगते की पळता पळता गेड पुन्हा ओगियनकडं येतो, आणि गुरू म्हणतो: आता वळ, आणि तिचा पाठलाग तू कर. तिथून पुढची पानं एका बैठकीत वाचा. नकाशा मात्र उघडा ठेवा, कारण गेडची नाव बेटाबेटांवरून पूर्वेकडं, नकाशा जिथं संपतो त्याच्याही पलीकडं जाते.