पाट इकडे, रांगोळी तिकडे

मघाशी एका ताईंनी विचारलं, "सर, पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट देखणा दिसतो, मग पॉवरपॉइंटमध्ये एक्सपोर्ट केला की मागचं चित्र का बिघडतं?" ठरवलेला विषय बाजूला ठेवतो, आधी हेच बघू. पॉवर बीआय म्हणजे आकडेवारीचे चार्ट मांडून रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर.

आपण बॅकग्राउंड बनवतो कुठे? गंमत म्हणजे पॉवरपॉइंटमध्येच. गोल कोपऱ्यांचे पांढरे चौकोन काढायचे, वर निळी पट्टी, कोपऱ्यात लोगो. ती स्लाइड पीएनजी म्हणून सेव्ह करायची, रिपोर्टच्या पानामागे लावायची आणि एकेक चार्ट त्या चौकोनांत नेमका बसवायचा. पाटाभोवती रांगोळी काढावी तसं. पण पाट सरकला म्हणून रांगोळी काही त्याच्याबरोबर सरकत नाही. चार्टची जागा पानावर आकड्यांत ठरलेली असते; चित्र पानात कसं बसणार ते पॉवर बीआयमधली 'इमेज फिट' ही सेटिंग ठरवते. तिथे नॉर्मल, फिट आणि फिल असे तीन पर्याय आहेत. नॉर्मल किंवा फिल असेल तर एक्सपोर्टमध्ये चित्र वेडंवाकडं होऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच सांगतं, फिट ठेवा. नाहीतर चार्ट जागेवर, चौकोन भलतीकडे, आणि मीटिंगमध्ये साहेब आकड्यांऐवजी त्या चौकोनांबद्दलच विचारत बसतात.

फिट ठेवलं तरी चित्राचं प्रमाण जुळायला हवं. पानाचं नेहमीचं माप १२८० बाय ७२० पिक्सेल, म्हणजे १६:९. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ बाय ७.५ इंच, तीही १६:९. कुणाच्या तरी जुन्या ४:३ टेम्प्लेटवरून उचललेलं चित्र लावलंत, तर दोन्ही बाजूंना मोकळे पट्टे राहणारच.

आता धूसरपणा. १२८० पिक्सेल १३.३३ इंचांत पसरले की इंचाला ९६ पडतात. १९२० पिक्सेलच्या प्रोजेक्टरवर तेच चित्र दीडपट ताणलं जातं आणि सगळ्यात आधी लोगोच्या कडा दगा देतात. म्हणून मूळ चित्र २५६० बाय १४४० चं घ्या, किंवा सरळ एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठं केलं तरी धूसर न होणारं चित्र. अंतिम स्लाइड किती सुबक येईल ते सगळं आपल्या हातात नाही, पण निदान कच्चा माल तरी धूसर नको.

बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की 'इमेज' म्हणून एक्सपोर्ट केलेलं रिपोर्टचं अख्खं पान स्लाइडवर एकच फोटो होऊन बसतं. मग स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडना लागू होणाऱ्या मूळ साच्यात, कितीही सुंदर थीम लावा, ती त्या फोटोखाली गाडली जाते. माझं मत विचाराल तर लोगो आणि पट्टी रिपोर्टमध्ये ठेवूच नका. रिपोर्टचं बॅकग्राउंड साधं, एका रंगाचं ठेवा, एक्सपोर्टनंतर फोटो थोडा लहान करा, आणि सजावट मास्टरवर करा. लोगो बदलला तर एकाच ठिकाणी बदलायचा.

फोटोऐवजी चालता-बोलता रिपोर्टच स्लाइडवर आणणारा 'लाइव्ह डेटा'चा पर्यायही आहे. पण समोरच्याकडे इंटरनेट आणि रिपोर्ट बघायची परवानगी दोन्ही लागतात, त्यामुळे तो आज सोडून देतो.

आता हीच फाइल आधी फिल ठेवून एक्सपोर्ट करतो, मग फिट ठेवून. उजवीकडच्या तिसऱ्या चौकोनावर नजर ठेवा.