महाबळेश्वरच्या रानातलं लोखंड

(पडद्यावर: धुकं, ओली वाट, दोन्हीकडे झाडी)

साताऱ्याहून मेढ्यामार्गे केळघर घाट चढून आलात की महाबळेश्वरचं रान लागतं. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा. वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस. पाहुण्यांना वाटतं, इथे माणसाचा हात कधी लागलाच नसेल. पण याच डोंगरावर एके काळी लोखंड गाळलं जायचं.

(पडद्यावर: रस्त्याकडेची तांबडी दरड)

ही दरड बघा. खाली काळा पाषाण, वर जांभा. लाखो वर्षांच्या पावसानं दगडातली सिलिका धुऊन नेली. मागे राहिलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. रंग म्हणूनच गंजाचा.

यातला लोहाचा दगड गाळणारे लोक म्हणजे धावड. धर्मानं मुसलमान, धंद्यानं भट्टीवाले. मातीच्या भट्टीत कोळसा आणि फोडलेला दगड भरायचा, खालून भात्यानं वारा घालायचा. शुद्ध लोखंड वितळायला 1,538 अंश सेल्सिअस लागतात. भात्याची धग तिथवर जात नाही. वितळते ती मळी, म्हणजे दगडातला लोखंडाखेरीजचा गाळ. ती वाहून गेली की आत उरतो लोखंडाचा सच्छिद्र गोळा. तो लालबुंद असतानाच घणाखाली घ्यायचा, राहिलेली मळी ठोकून काढायची. गार झाला की मेहनत वाया.

दगडाला तोटा नव्हता. अडचण कोळशाची. तयार लोखंडाच्या कित्येक पट कोळसा भट्टी खाते, आणि तो येणार कुठून? याच रानातून.

1848 साली सातारचं राज्य खालसा झालं. पुढे 1865 आणि 1878 चे वन कायदे आले, लाकूडतोडीवर बंधनं आली. त्यातच विलायती लोखंड स्वस्त मिळू लागलं. 1885 च्या सातारा गॅझेटिअरमध्ये धावडांचा धंदा आहे, पण पूर्वी चालत असे, अशा शब्दांत. आज इथल्या पॉइंटांना आर्थर, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन अशी नावं आहेत. धावडांचं नाव गाइडच्या यादीत सापडत नाही.

रान राखलं म्हणून साहेबाचं कौतुक करणारे भेटतात. करावं जरूर. पण कुणब्याला फाळ लागतच होता, कुऱ्हाड लागतच होती. त्यासाठीचं लोखंड आता इंग्लंडातल्या दगडी कोळशावर तयार होऊन मुंबई बंदरात उतरत होतं.