बसच्या कपाळावरचा आकडा

नमस्कार श्रोतेहो. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. बाहेरगावची मुलं या शहरात शिकायला येणं काही नवं नाही. कलिना, पवई, देवनार भागात राहणाऱ्यांना तर परदेशातून आलेली मुलंही रोज दिसत असतील. त्यांना मुंबई दाखवायची म्हटलं की आपण गेटवेला नेतो. गेटवे ती स्वतःच शोधतात हो! त्यांचं अडतं ते बसस्टॉपवर.

आमच्या सांताक्रूझच्या घरी टांझानियाची एक मुलगी पेइंग गेस्ट होती. पहिल्या दिवशी ताटात पाहून तीच म्हणाली, "चपाती!" स्वाहिलीतही चपाती चपातीच, आणि चहा म्हणजे चाय. मला वाटलं, आता हिला काही अडायचं नाही. आठवड्यातच रात्री तिचा फोन आला, "काकू, मी कुठे उतरलेय तेच कळत नाही." चुकीची बस पकडली होती. बेस्टच्या बसच्या कपाळावर नंबर मराठीत असतो आणि इंग्रजी आकडा दिसेपर्यंत बस हलते. तिला १ आणि ९ सारखेच वाटायचे, ४ आणि ५ सुद्धा.

मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान फाडून तिच्या हातात दिलं. (भिंतीवर कॅलेंडर हवंच, असं माझं ठाम मत आहे. दूधवाल्याचे खाडे मोबाइलवर मांडून ठेवण्यात ती मजा नाही.) पोळ्या लाटता लाटता मी तारखा विचारायचे, ती पानावर बोट ठेवून सांगायची. फोडणीचा डागसुद्धा होता त्या पानावर, १७ तारखेवर. ते पान घडी घालून ती पर्समध्ये ठेवायची.

पुढे एकदा आम्ही दोघी स्टॉपवर उभ्या होतो. शेजारच्या आजींनी चष्मा आणला नव्हता. "कितीची आली बघ गं," त्यांनी विचारलं, आणि तेही मला नाही, तिला! हिने डोळे बारीक केले. "तीन, एक, तीन, आजी." तीनशे तेरा नव्हे, तीन, एक, तीन. आजींनी तिचाच हात धरला आणि चढल्या. त्या रात्री जेवताना तिने हे मला तीनदा सांगितलं. मी तर तिथेच होते!

तेव्हा आकडे शिकवा, आधी आकडे. आणि मराठीतच बोला, सावकाश बोला. समोरचा परका दिसला की लगेच हिंदीवर जाऊ नका.

कागदपत्रांचंही सांगते. घरी परदेशी विद्यार्थी राहायला आला, की घरमालकाने २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची. पुन्हा सांगते, २४ तासांत. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर विद्यार्थ्याने स्वतःची नोंदणी १४ दिवसांत करायची. त्याला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, तो मागायला लावू नका, आपणहून द्या.

आणि हो, या महिन्याचं पान उलटलं की रद्दीत टाकू नका.